कृत्रिम बुद्धिमत्ता आणि अलीकडचे विज्ञान आपल्याला काय शिकवत आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळख करून देणारे आहेत, पुढचे अधिक अडचणीचे आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कृत्रिम बुद्धिमत्तेची कल्पना तर जुनी आहे. मग गेल्या काही वर्षांतच तिचा एवढा बोलबाला का झाला?

हे नाव १९५६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या उन्हाळी परिषदेपासून रूढ झाले, आणि १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लाट यांनी उदाहरणांवरून शिकणाऱ्या ‘पर्सेप्ट्रॉन’ची मांडणी प्रसिद्ध केली. त्यानंतर कित्येक दशके दोन विचारांमध्ये ओढाताण चालली. माणसाचे ज्ञान नियमांच्या रूपाने यंत्रात भरावे, असे एका बाजूचे म्हणणे होते. यंत्राला भरपूर उदाहरणे दाखवावीत आणि नियम त्यालाच शोधू द्यावेत, असे दुसऱ्या बाजूचे. दुसरा विचार आकर्षक होता, पण त्याला लागणारी उदाहरणे आणि गणनशक्ती तेव्हा नव्हती.

२०१२ मध्ये चित्रे ओळखण्याच्या ‘इमेजनेट’ स्पर्धेत टोरंटो विद्यापीठाच्या चमूने उदाहरणांवरून शिकणारे चेताजाल (न्यूरल नेटवर्क) वापरून चुकांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आणले, तर दुसऱ्या क्रमांकाची प्रणाली २६ टक्क्यांवर होती. एवढे अंतर अपवादानेच दिसते, म्हणून संशोधकांनी दिशा बदलली. २०१७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना आली आणि आजची बहुतेक भाषा-मॉडेल्स, म्हणजे मजकूर रचणाऱ्या प्रणाली, तिच्यावर उभी आहेत. २०२४ मध्ये चेताजालांच्या पायाभूत कामासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना, तर संगणकाच्या साहाय्याने प्रथिनांवर केलेल्या कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. त्याआधीच या साधनांनी प्रयोगशाळांमध्ये आपले स्थान मिळवले होते.

२. गप्पा मारणारा चॅटबॉट आणि वैज्ञानिक शोधांतली कृत्रिम बुद्धिमत्ता एकच का?

नाही. दोन्हींच्या मुळाशी चेताजाले, म्हणजे न्यूरल नेटवर्क, असली तरी चॅटबॉट मजकुरावर शिकलेला असतो आणि पुढचा शब्दखंड (शब्द किंवा त्याचा तुकडा) कोणता असावा याचा अंदाज बांधत जातो. प्रथिने, हवामान किंवा क्ष-किरण चित्रांसाठीच्या प्रणाली त्या त्या विषयाच्या मोजमापांवर शिकवलेल्या असतात. एकीच्या यशापयशावरून दुसरीविषयी निष्कर्ष काढू नये.

३. प्रथिनांच्या घडीचे कोडे सुटले असे वाचले. नेमके काय सुटले आणि काय बाकी आहे?

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी. पेशीत तयार झाल्यावर ती विशिष्ट त्रिमितीय आकारात दुमडते आणि त्या आकारावर तिचे काम बरेचसे अवलंबून असते. आकार ठरवण्याची माहिती साखळीच्या क्रमातच असते, हे ख्रिश्चन अॅनफिन्सन यांनी दाखवले. त्यांना १९७२ मध्ये नोबेल मिळाले. पण क्रमावरून आकार काढायचा कसा? एकेक शक्यता तपासत बसल्यास विश्वाचे वयही पुरणार नाही, असे सायरस लेविन्थाल यांनी १९६९ मध्ये निदर्शनास आणले होते. प्रत्यक्षात कित्येक प्रथिने सेकंदाच्या आत दुमडतात.

१९९४ पासून दर दोन वर्षांनी ‘कॅस्प’ नावाची चाचणी होते. प्रयोगाने ठरवलेले, पण अद्याप अप्रकाशित असलेले आकार तीत स्पर्धकांना ओळखायचे असतात. २०२० च्या फेरीत गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फाफोल्ड’ या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीची अचूकता अनेक प्रथिनांच्या बाबतीत प्रयोगाच्या तोडीची ठरली. २०२२ च्या जुलैपर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार सर्वांना मोफत खुले झाले. प्रयोगाने एकेक आकार ठरवायला महिने, कधी वर्षे लागतात हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो.

बाकीही पुष्कळ आहे. प्रणाली शेवटचा आकार सांगते. साखळी तिथवर कोणत्या वाटेने पोहोचते हे सांगत नाही. प्रथिने हलतात आणि काम करताना आकार बदलतात, शिवाय काहींच्या मोठ्या भागांना ठरावीक आकारच नसतो. सुदैवाने अल्फाफोल्ड प्रत्येक भागासाठी स्वतःच्या खात्रीचा ० ते १०० असा अंकही देते, आणि जाणकार संशोधक आकृतीपूर्वी तो अंक पाहतात.

या यशामागचे एक कारण क्वचितच सांगितले जाते आणि आम्हाला ते फार मोलाचे वाटते. १९७१ मध्ये प्रथिनांच्या आकारांचा एक सार्वजनिक संग्रह सुरू झाला आणि जगभरच्या संशोधकांनी आपले कष्टाचे निष्कर्ष पुढची पन्नास वर्षे त्यात जमा केले. तो खुला संग्रह नसता तर या प्रणालीला शिकायला उदाहरणेच मिळाली नसती.

४. यंत्राचे भाकीत अचूक येते याचा अर्थ त्याला निसर्गाचा नियम समजला असा होतो का?

आमच्याकडे आलेल्या प्रश्नांतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तर असे की भाकीत आणि आकलन या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात आणि ते आता प्रयोगाने दाखवता येते.

२०२५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी येथील संशोधकांनी एका ट्रान्सफॉर्मर मॉडेलला संगणकात रचलेल्या अनेक सूर्यमालांतील ग्रहांच्या कक्षा दाखवल्या. ग्रह पुढे कोठे असेल हे मॉडेल उत्तम सांगू लागले. मग त्याच मॉडेलला त्या ग्रहांवरील बल काढायला शिकवले. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम त्याच्या आत कोठे दडलेला असता तर तो येथे उमटला असता. प्रत्यक्षात जे सूत्र निघाले ते निरर्थक होते आणि उदाहरणांचा संच बदलला की सूत्रही बदलत होते. मॉडेलने कक्षांच्या सवयी आत्मसात केल्या होत्या. त्यांच्यामागचे कारण त्याच्या हाती लागले नव्हते.

विज्ञानाच्या इतिहासात अशी अवस्था पूर्वीही येऊन गेली आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीची वर्तुळांवर वर्तुळे रचणारी पद्धत ग्रहांची स्थाने बऱ्यापैकी सांगत असे आणि ती सुमारे चौदा शतके वापरात राहिली. न्यूटनचा १६८७ मधील नियम वेगळा ठरला तो केवळ अचूकतेमुळे नव्हे. युरेनस नियमाप्रमाणे चालेना, तेव्हा त्याच नियमावरून पलीकडे एक न पाहिलेला ग्रह असला पाहिजे असे उर्बेन ल व्हेरिए यांनी गणिताने काढले आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. बुधाच्या कक्षेतही शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एवढी तफावत उरत होती. तेथेही न दिसलेला ग्रह शोधून पाहिला गेला, तो मिळाला नाही, आणि अखेरीस १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सामान्य सापेक्षतेने त्या तफावतीचा उलगडा केला. नियम हाती असला की तो कोठे कमी पडतो हेही दिसते, आणि पुढचा शोध बहुधा तेथूनच निघतो. नुसते भाकीत चुकले तर आणखी उदाहरणे गोळा करा, एवढेच त्यातून कळते.

याचा अर्थ कोणतेच मॉडेल कधीच नियम शोधत नाही असा मात्र नाही. त्याचे उलट उदाहरण प्रश्न १२ मध्ये आहे.

५. मग भौतिकशास्त्राची समीकरणे न सोडवता हवामानाचा अंदाज कसा काय देता येतो?

पारंपरिक पद्धतीत महासंगणक वातावरणातील हवा, उष्णता आणि बाष्प यांची समीकरणे सोडवतात. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘ग्राफकास्ट’ने वेगळा मार्ग घेतला. वातावरणाची आताची आणि सहा तासांपूर्वीची स्थिती पाहून ते पुढच्या सहा तासांची स्थिती सांगते, मग त्याच उत्तरावरून त्यापुढच्या सहा तासांची, आणि असे करत दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत देते. तपासलेल्या निकषांपैकी सुमारे ९० टक्क्यांवर ते तेव्हाच्या अग्रगण्य पारंपरिक प्रणालीपेक्षा सरस ठरले. युरोपीय हवामान केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःची अशी प्रणाली नियमित वापरात आणली.

येथे एक बाब बारकाईने पाहावी. ग्राफकास्ट ज्या १९७९ ते २०१७ या काळातील नोंदींवर शिकले त्या निव्वळ उपकरणांच्या नोंदी नव्हत्या. विखुरलेली निरीक्षणे समीकरणांवर आधारित मॉडेलमध्ये घालून पृथ्वीभरचे सलग चित्र आधी तयार केले होते. म्हणजे भौतिकशास्त्र वगळले गेले नाही. ते आधीच पायाभरणीत गेले होते. यापूर्वी कधी न घडलेल्या टोकाच्या घटनांच्या बाबतीत अशा प्रणालींवर किती विसंबावे, हा प्रश्न म्हणूनच गंभीर आहे (प्रश्न ४ पाहा).

६. उत्तर बरोबर, पण कारण चुकीचे, असे यंत्राच्या बाबतीत घडते का?

वारंवार घडते, आणि ते ओळखणे कठीण असते. २०१८ मधील एका अभ्यासात छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून न्यूमोनिया ओळखणारे मॉडेल तपासले गेले. ज्या रुग्णालयांच्या चित्रांवर ते शिकले तेथे ते चांगले चालले, बाहेरच्या चित्रांवर बहुतांशी घसरले. शोध घेता असे आढळले की चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हे मॉडेल जवळजवळ अचूक ओळखत होते. तंत्रज्ञ चित्र घेताना कोपऱ्यात धातूची छोटी खूण ठेवतात आणि मॉडेलची नजर तिच्याकडेही जात होती. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, दुसऱ्यात फारच थोडे. तेव्हा फुप्फुस नीट न पाहताही बऱ्यापैकी गुण मिळवता येत होते.

कोविडच्या काळात हेच मोठ्या प्रमाणावर झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २,२१२ शोधनिबंधांपासून सुरुवात करून, गाळणी लावत शेवटी ६२ तपशीलवार तपासले गेले. त्यांतील एकही मॉडेल रुग्णांसाठी वापरण्याजोगे ठरले नाही. काहींनी कोविड नसलेल्यांची उदाहरणे म्हणून लहान मुलांची चित्रे वापरली होती, त्यामुळे मॉडेल आजाराऐवजी वय ओळखायला शिकण्याचा धोका होता.

चाचणीसाठी राखून ठेवलेली माहिती शिकवण्याच्या माहितीत नकळत मिसळणे, हाही असाच दोष आहे. सयाश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये दाखवले की तो १७ विषयांत आढळला होता आणि त्याचा परिणाम २९४ निबंधांवर झाला होता. एखाद्या मॉडेलचे गुण वाचताना पहिला प्रश्न एकच विचारावा: हे दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या काळातल्या, स्वतंत्रपणे जमवलेल्या माहितीवर तपासले आहे का?

७. कृत्रिम बुद्धिमत्तेने नवे प्रतिजैविक शोधले, हे खरे आहे का? मग ते बाजारात का नाही?

एमआयटीच्या चमूने २०२० मध्ये ‘हॅलिसिन’विषयी माहिती प्रसिद्ध केली. सुमारे २,३०० रेणूंपैकी कोणते ई. कोलाय जिवाणूची वाढ रोखतात हे त्यांनी आधी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तपासले, त्या निकालांवर मॉडेलला शिकवले आणि मग औषध म्हणून आधी अभ्यासल्या गेलेल्या सुमारे ६,००० रेणूंमधून निवड करायला सांगितले. पुढे आलेल्या रेणूंतला एक पूर्वी मधुमेहासाठी अभ्यासला गेलेला होता आणि त्याची रचना प्रचलित प्रतिजैविकांहून वेगळी होती. उंदरांमधील संसर्गावर तो परिणामकारक ठरला. जिवाणूच्या पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनचा फरक तो बिघडवतो, हे मात्र मॉडेलने सांगितले नाही. ते प्रयोगांतून काढावे लागले.

उंदरावरचे यश आणि माणसासाठीचे औषध यांच्यामध्ये सुरक्षितता, मात्रा आणि मानवी चाचण्या यांची अनेक वर्षे असतात, आणि ती वर्षे निवड लवकर झाल्याने कमी होत नाहीत. प्रचंड मोठ्या ढिगातून तपासण्याजोगे थोडे रेणू वेगळे काढणे, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य आहे.

८. लाखो नवे पदार्थ सापडले अशी बातमी होती. त्यांचे पुढे काय झाले?

नोव्हेंबर २०२३ मध्ये डीपमाइंडने सुमारे २२ लाख स्फटिकरचना सुचवल्या आणि त्यांतील ३,८०,००० स्थिर असाव्यात असे म्हटले. त्याच वेळी एका स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत, हाती घेतलेल्या ५८ पैकी ४१ पदार्थ तयार केल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी घनस्थिती रसायनशास्त्रज्ञांनी दोन्ही दाव्यांची चिकित्सा केली. एका गटाला सुचवलेल्या यादीत नावीन्य, विश्वासार्हता आणि उपयुक्तता एकत्र असल्याचा पुरावा फार थोडा दिसला. दुसऱ्या गटाच्या मते त्या प्रयोगशाळेने नवा पदार्थ एकही तयार केला नव्हता, कारण विश्लेषणात अणूंच्या मांडणीतील अव्यवस्था लक्षात घेतलेली नव्हती. संगणकाने सुचवलेली रचना हे गृहीतक असते. मोजणी यंत्राची असली तरी पदार्थ आधीच माहीत आहे का, हे ओळखायला त्या विषयात मुरलेली नजर लागते.

९. गणितात तरी यंत्र माणसाच्या पुढे गेले का?

स्पर्धांच्या पातळीवर प्रगती थक्क करणारी आहे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांवर २०२४ मध्ये डीपमाइंडच्या प्रणालींनी ४२ पैकी २८ गुण, म्हणजे रौप्यपदकाची पातळी गाठली. २०२५ मध्ये डीपमाइंड आणि ओपनएआय या दोघांच्या मॉडेल्सनी ३५ गुण मिळवून सुवर्णपदकाची. सहावा प्रश्न मात्र दोघांनाही सुटला नाही.

संशोधनात आम्हाला अधिक बोलके वाटते ते २०२१ मधील गाठींच्या सिद्धांताचे काम. गाठीचे वर्णन बीजगणिताने करता येते आणि भूमितीनेही. या दोन वर्णनांत नाते असावे का, हे ऑक्सफर्डच्या आंद्राश युहास आणि मार्क लॅकेन्बी यांना पाहायचे होते. मॉडेलने भूमितीच्या राशींवरून बीजगणितातील एका संख्येचे भाकीत केले, आणि कोणत्या राशी त्यात निर्णायक आहेत हेही त्याच्या विश्लेषणातून दिसले. त्या संकेतावरून दोघांनी विधान मांडले, त्याला अपवाद सापडले, मग ते सुधारून सिद्ध केले. यंत्राने कोठे पाहायचे ते दाखवले. का, हे माणसांनी शोधले.

सिद्धता तपासण्याच्या बाबतीत तर संगणक आता भरवशाचा पंच झाला आहे. ‘लीन’सारख्या भाषेत लिहिलेल्या सिद्धतेची प्रत्येक पायरी यांत्रिकपणे पडताळली जाते. त्यामुळे इतर विषयांत विसंबावे लागते तसे मॉडेलच्या आत्मविश्वासावर विसंबण्याची गरज गणितात उरत नाही.

१०. कृत्रिम चेताजालांमुळे मेंदूविषयी काही कळले का?

देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली आहे. ह्युबेल आणि वीझेल यांनी १९५९ पासून मांजरांच्या दृष्टिकेंद्रातील पेशींवर जे संशोधन केले, त्यातून कुनिहिको फुकुशिमा यांना १९८० मध्ये थरांच्या चेताजालाची कल्पना सुचली. २०१४ मध्ये उलट दिशेने पुरावा मिळाला: केवळ वस्तू ओळखायला शिकवलेल्या जालांचे आतले थर माकडाच्या दृष्टिकेंद्रातील पेशींच्या प्रतिसादाचे चांगले भाकीत करू लागले, जरी त्यांना मेंदूची कोणतीही नोंद दाखवलेली नव्हती. डोपामिन पेशी बक्षीस आणि अपेक्षा यांतील फरक नोंदवतात, हा १९९७ मधील निष्कर्षही यंत्रशिक्षणाच्या गणितातून स्पष्ट झाला.

साम्यापलीकडे अंतर मोठे आहे. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि तो साधारण २० वॅट ऊर्जेवर चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक चेतासंधी, म्हणजे पेशींमधील जोड. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांतून पेशी वेगळ्या करण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेने केले, तिच्या चुका शेकडो लोकांनी हाताने दुरुस्त केल्या. नकाशा आज हाती आहे आणि तरीही माशी ठरवते कशी, याचे पूर्ण उत्तर हाती नाही.

११. ज्याला भाषा येते त्याला विचार करता येतो, असे आपण धरून चालतो. ते बरोबर आहे का?

या गृहीताला दोन्ही बाजूंनी धक्का बसला आहे. एव्हलिना फेडोरेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये पुरावे एकत्र मांडले. पक्षाघातामुळे भाषा जवळजवळ पूर्ण गमावलेल्या काही व्यक्ती गणिते सोडवू शकतात, बुद्धिबळ खेळू शकतात, कार्यकारणभाव ओळखू शकतात. मेंदूच्या चित्रणातही तर्काचे कोडे सोडवताना भाषेचे केंद्र बहुतांशी शांत राहते. दुसऱ्या बाजूला भाषा-मॉडेल्स अस्खलित लिहितात आणि तरीही साध्या तर्कात कधी कधी घसरतात. सफाईदार वाक्य ऐकले की समोरच्याच्या समजुतीवर विश्वास ठेवायचा, ही आपली जुनी सवय आता जपून वापरावी लागेल.

मूल आणि मॉडेल यांच्या शिकण्याची तुलनाही अनेकजण विचारतात. जीपीटी-३ हे भाषा-मॉडेल सुमारे ३०० अब्ज शब्दखंडांवर शिकले; मूल त्याच्या नगण्य अंशात बोलू लागते. ‘मग भाषेची तयारी जन्मजातच असली पाहिजे’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. २०२४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात एका बाळाच्या डोक्यावरील कॅमेऱ्याने सहा ते पंचवीस महिन्यांच्या वयात टिपलेले फक्त ६१ तासांचे चित्रण मॉडेलला दाखवले गेले. बाळाने पाहिले काय आणि त्याच वेळी ऐकले काय, यांची सांगड घालून मॉडेल चेंडू, पाळणा यांसारखे काही शब्द वस्तूंशी जोडायला शिकले. व्याकरण आणि संभाषण त्यापासून अजून फार दूर आहे.

१२. या मॉडेल्सच्या आत काय चालते, हे त्यांच्या निर्मात्यांनाही ठाऊक नसते म्हणतात. हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, पण काही लहान मॉडेल्स पूर्ण उलगडली गेली आहेत. २०२३ मधील एक काम पाहण्यासारखे आहे. एका छोट्या ट्रान्सफॉर्मरला घड्याळी बेरीज शिकवली, म्हणजे बेरीज ११३ झाली की पुन्हा शून्यापासून मोजायचे. सुरुवातीला मॉडेलने दाखवलेली उदाहरणे निव्वळ पाठ केली; न पाहिलेल्या बेरजा त्याला जमेनात. शिकवणे बराच काळ चालूच ठेवल्यावर अचानक सगळ्याच बेरजा बरोबर येऊ लागल्या.

संशोधकांनी आतले आकडे उलगडले तेव्हा दिसले की मॉडेल प्रत्येक संख्येला वर्तुळावरील एक कोन मानत होते आणि साइन-कोसाइनची सूत्रे वापरून कोनांची बेरीज करत होते. ही पद्धत त्याला कोणी शिकवलेली नव्हती. बाहेरून अचानक वाटलेला बदल आत हळूहळू घडत होता, हेही मोजता आले. म्हणजे पाठांतर आणि नियम या दोन्ही वाटा मॉडेलला खुल्या असतात. त्याने कोणती धरली हे उत्तरांच्या गुणांवरून कळत नाही, आत पाहावे लागते. मोठ्या मॉडेल्सच्या बाबतीत असे पाहणे अद्याप तुकड्यातुकड्यांनीच जमते.

१३. जळून कोळसा झालेल्या प्राचीन गुंडाळ्या न उघडता वाचल्या, हे कसे शक्य झाले?

इ. स. ७९ मध्ये इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम येथील एक ग्रंथालय गाडले गेले. अठराव्या शतकात सापडलेल्या त्या पपायरसच्या गुंडाळ्या उघडू गेल्यास चुरा होतात. ब्रेंट सील्स यांनी क्ष-किरणांनी आतले थर टिपून संगणकात उलगडण्याची पद्धत विकसित केली, पण शाई कार्बनची आणि जळालेला पपायरसही कार्बनच, त्यामुळे अक्षरे दिसेनात.

२०२३ मध्ये या गुंडाळ्या वाचण्याची स्पर्धा झाली. तीत केसी हँडमर या स्पर्धकाने चित्रे तासन्‌तास डोळ्यांनी न्याहाळली आणि काही ठिकाणी वाळलेल्या चिखलाला तडे जावेत तशी बारीक भेगाळ पोत त्याला दिसली. ती शाई होती. त्या खुणांवर ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याने मॉडेल शिकवले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द वाचला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला, युसेफ नादेर आणि ज्युलियन शिलिगर यांना ७ लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. तोवर दोन हजारांहून अधिक अक्षरे उजेडात आली होती आणि मजकूर सुखाविषयीच्या तत्त्वचिंतनाचा होता.

अस्तित्वात नसलेली अक्षरे मॉडेलने रचली तर नाहीत ना, ही शंका रास्त आहे. म्हणूनच मॉडेलला ग्रीक भाषा मुळीच शिकवलेली नव्हती. ते फक्त शाई आहे की नाही एवढेच छोट्या चौकटीत सांगत असे, आणि वाचन पपायरसतज्ज्ञांनी केले.

१४. प्राण्यांची भाषा आता आपल्याला कळेल का?

‘भाषांतर’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिका बेटाजवळील स्पर्म व्हेलच्या सुमारे ९,००० ध्वनिमालिकांच्या २०२४ मधील विश्लेषणात ताल आणि गती यांसारखे घटक पुन्हा पुन्हा जुळवले जातात असे दिसले. त्यांचा अर्थ अज्ञात आहे. त्याच वर्षी केनियातील आफ्रिकी हत्तींच्या ४६९ हाकांवरून ती हाक कोणत्या हत्तीला उद्देशून आहे हे मॉडेलने २७.५ टक्के वेळा बरोबर ओळखले. योगायोगाने मिळेल त्याहून हे प्रमाण बरेच जास्त होते. संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी १७ हत्तींना ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या, आणि स्वतःला उद्देशून असलेल्या हाकेला ते अधिक वेगाने सामोरे गेले. आकडेवारीला प्रत्यक्ष वर्तनाची जोड दिल्यामुळे हा निष्कर्ष आम्हाला वजनदार वाटतो.

१५. चॅटबॉट अस्तित्वात नसलेले शोधनिबंध संदर्भ म्हणून का देतो?

कारण तो संभाव्य मजकूर रचतो आणि खऱ्या संदर्भाचा साचा त्याला पाठ असतो (प्रश्न २ पाहा). २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात असे कल्पित निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. संदर्भ मूळ ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय वापरू नये. शोधयंत्र जोडलेल्या चॅटबॉटलाही हे लागू आहे, कारण निबंध खरा असूनही त्यात ते विधान नसते असे होऊ शकते.

१६. यंत्राची सवय लागली की माणसाचे कौशल्य कमी होते का? की वाढते?

दोन्हींचे पुरावे आहेत. पोलंडमधील चार केंद्रांवर, आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत सुरू झाल्यानंतर, मदतीशिवाय केलेल्या तपासण्यांत गाठी आढळण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने इतर कारणे पूर्ण वगळता येत नाहीत, पण दुर्लक्ष करण्याजोगा तो नाही.

उलट उदाहरण ‘गो’ या पटावरच्या खेळाचे आहे. २०१६ मध्ये डीपमाइंडच्या अल्फागो या प्रणालीने अव्वल खेळाडू ली सेडॉल यांना ४-१ ने हरवले. १९५० ते २०२१ या काळातील व्यावसायिक खेळाडूंच्या ५८ लाख चालींच्या अभ्यासात असे आढळले की त्यानंतर माणसांच्या निर्णयांचा दर्जा वाढला आणि ते पूर्वी न खेळलेल्या चाली अधिक खेळू लागले. फरक बहुधा वापरण्याच्या रीतीत आहे. गो खेळाडू सामन्यात स्वतः विचार करतात आणि नंतर यंत्राबरोबर आपल्या चाली तपासतात. तपासणीच्या खोलीत मात्र यंत्र निर्णयाच्या क्षणीच खूण दाखवते. आम्ही या तर्काला सिद्ध निष्कर्ष म्हणत नाही, पण शिकणाऱ्यांनी आधी स्वतःचे उत्तर लिहून मग यंत्राला विचारावे, हा सल्ला आम्ही त्यावरूनच देतो.

१७. शोध यंत्राने लावला तर श्रेय कोणाला? मॉडेलला सहलेखक करता येते का?

‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन्ही नियतकालिकांनी जानेवारी २०२३ मध्ये ते अमान्य केले. लेखक आपल्या कामाची जबाबदारी घेतो, आणि मॉडेल ती घेऊ शकत नाही, असे ‘नेचर’ने त्यामागचे कारण दिले. पेटंटच्या बाबतीत अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०२२ मध्ये आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये संशोधक ही व्यक्तीच असली पाहिजे असा निर्णय दिला.

कठीण प्रसंग मधल्या अवस्थेत येतात: रेणू मॉडेलने निवडला, कृतीचे कारण प्रयोगशाळेने काढले (प्रश्न ७), किंवा दिशा मॉडेलने दाखवली आणि सिद्धता माणसाने दिली (प्रश्न ९). अशा वेळी मॉडेलची आवृत्ती, त्याला दिलेली माहिती आणि त्याने नेमके काय सुचवले, हे कार्यपद्धतीच्या भागात लिहावे. लेखकांच्या यादीत तेवढीच नावे असावीत ज्यांना निष्कर्ष चुकला तर पत्र लिहून विचारता येईल.